मोबाइल निवडताना आधी दिनक्रम तपासा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ सुमारे ६०, तर बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. या अंतराचा मोबाइलच्या खरेदीशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊच्या सुमारास घरी परतणाऱ्या बदलापूरकराचा मोबाइल तब्बल चौदा तास घरच्या चार्जरपासून दूर असतो. त्यातील सुमारे तीन तास तो गर्दीत, घामात आणि पावसाळ्यात ओल्या खिशात असतो. रेल्वेचे तिकीट, बँकेचा सांकेतिक क्रमांक, रिक्षाचे भाडे, मुलांच्या शाळेचा निरोप हे सारे आता त्या एकाच उपकरणात सामावलेले आहे. त्यामुळे चुकीच्या मोबाइलची किंमत दुकानात मोजलेल्या पैशांवर थांबत नाही. ऐन वेळी उपकरण बंद पडले, की प्रवास, व्यवहार आणि संपर्क तिन्ही एकदमच खंडित होतात.

महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम खर्चून मोबाइल किंवा टॅब्लेट घेणारी असंख्य कुटुंबे या तीन शहरांत आहेत. मात्र ही खरेदी बहुधा जाहिरातीतील आकडे, मित्राची शिफारस किंवा दुकानदाराचा आग्रह यांवर ठरते. वास्तविक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ग्राहकाने आपला दिवस एका कागदावर लिहून काढावा. मोबाइल किती तास चार्जरविना राहतो, तो कोठे वापरला जातो, त्यावर कोणती कामे अडतात आणि तो किती वर्षे टिकायला हवा, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड आपोआप होते.

आकड्यांचा मोह

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो कॅमेऱ्याचा मेगापिक्सेलचा आकडा. पण छायाचित्राचा दर्जा केवळ या आकड्यावर ठरत नाही. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार, भिंगाचा दर्जा आणि छायाचित्रावर प्रक्रिया करणारी प्रणाली यांचा वाटा अधिक असतो. ५० मेगापिक्सेलचे अनेक कॅमेरे शेजारच्या चार बिंदूंचा एक बिंदू करून प्रत्यक्षात सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात. कमी किमतीच्या मोबाइलवर मागील बाजूस दिसणारी तीन-चार भिंगे पाहून भुलण्याचेही कारण नाही. त्यांतील दोन मेगापिक्सेलच्या जादा कॅमेऱ्यांचा दैनंदिन उपयोग अत्यल्प असतो.

दुसरा मोह रॅमचा. ‘१६ जीबीपर्यंत रॅम’ अशी जाहिरात असेल, तर त्यातील प्रत्यक्ष रॅम किती आणि ‘व्हर्च्युअल’ किती, हे विचारावे. व्हर्च्युअल रॅम म्हणजे साठवणुकीच्या जागेतील काही भाग तात्पुरती स्मृती म्हणून वापरणे. ती खऱ्या रॅमच्या तुलनेत बरीच मंद असते. साठवणुकीच्या बाबतीतही केवळ जीबी मोजून भागत नाही. ‘यूएफएस’ प्रकारात वाचन आणि लेखन एकाच वेळी होऊ शकते, तर जुन्या ‘ईएमएमसी’ प्रकारात ते आळीपाळीने होते. नवा असताना चपळ वाटणारा स्वस्त मोबाइल वर्षभरात रेंगाळू लागतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. शिवाय ६४ जीबीच्या मोबाइलमधील बरीच जागा मूळ प्रणालीच व्यापते. उरलेली जागा व्हॉट्सअ‍ॅपवरील चित्रफिती काही महिन्यांत भरून टाकतात. नित्य वापरासाठी १२८ जीबी हे आता किमान प्रमाण मानावे.

लोकलच्या प्रवाशाची गरज

रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराने प्रथम बॅटरी पाहावी. पाच हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आता मध्यम किमतीत सर्रास मिळते. परंतु बॅटरी किती वेळ टिकेल, हे पडदा आणि प्रोसेसर किती वीज खातात यावरही अवलंबून असते. एकाच क्षमतेच्या दोन मोबाइलमध्ये म्हणूनच काही तासांचा फरक पडू शकतो. सिग्नल क्षीण असलेल्या पट्ट्यातून प्रवास करताना मोबाइल टॉवरचा शोध घेत राहतो आणि बॅटरी अधिक वेगाने उतरते, हेही लक्षात घ्यावे. मुंबई उपनगरी रेल्वेवर २०१५ पासून कागदाविना तिकिटाची सोय सुरू झाली. अशा प्रवाशाचा मोबाइल मध्येच बंद पडला, तर तपासनीसाला दाखविण्यास तिकीटच उरत नाही.

दुसरा मुद्दा आकाराचा. दारापाशी एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाला पावणेसात इंचांचा जड मोबाइल एका हातात सांभाळणे कठीण जाते. रुळांलगत उभे राहून दारातील प्रवाशाच्या हातावर काठी मारायची आणि खाली पडलेला मोबाइल पळवायचा, हा ‘फटका गँग’चा प्रकार उपनगरी प्रवाशांना अनेक वर्षांपासून परिचित आहे. अशा प्रसंगी मोबाइल वाचविण्याच्या प्रयत्नात प्रवाशांच्या जिवावर बेतल्याचेही प्रसंग घडले आहेत. त्यामुळे दारात मोबाइल बाहेर काढू नये, हा पहिला उपाय होय. आणि खिशात पूर्ण सामावणारा, हातात घट्ट बसणारा मोबाइल घ्यावा, हा दुसरा.

महिला प्रवाशांनी आणखी एक सोय दुकानातच समजून घ्यावी. देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये १ जानेवारी २०१७ पासून ‘पॅनिक बटण’ बंधनकारक करण्यात आले. साध्या कीपॅड फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनवर पॉवरचे बटण ठरावीक वेळा भराभर दाबल्यास आपत्कालीन संपर्क साधता येतो. ही पद्धत प्रत्येक मोबाइलमध्ये थोडी वेगळी असते. ती संकटाच्या क्षणी शोधण्याऐवजी खरेदीच्याच दिवशी पाहून ठेवणे हिताचे.

पावसाळ्याची परीक्षा

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या बदलापूर परिसराला पुराची जाणीव वेगळी करून देण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय अनेकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. त्या वेळी गाडीतील प्रवाशांनी मोबाइलवरून पाठविलेल्या चित्रफितींमुळेच बाहेरच्या जगाला परिस्थितीची कल्पना आली. चार्ज शिल्लक असलेला मोबाइल अशा प्रसंगी काय मोलाचा असतो, हे त्या दिवशी दिसले.

मोबाइलच्या खोक्यावरील ‘आयपी’ मानांकन येथे पाहावे. त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे, तर दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी ६४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात तीस मिनिटे टिकण्याची क्षमता. परंतु ही चाचणी नव्या उपकरणावर, प्रयोगशाळेत घेतलेली असते. एकदा उघडून दुरुस्त केलेल्या मोबाइलचे आवरण पूर्वीइतके घट्ट राहीलच असे नाही, आणि पाण्यामुळे झालेला बिघाड सहसा हमीत बसत नाही. भिजलेला मोबाइल तत्काळ बंद करावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. तो तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा. तांदळाचे सूक्ष्म कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२४ मध्ये दिला होता.

व्यापारी आणि कारागीर

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी नामकरण झालेल्या उल्हासनगरची ओळख आज फर्निचर, कापड आणि जीन्सच्या बाजारपेठेची आहे. येथील दुकानदाराचा मोबाइल म्हणजे त्याचे नमुन्यांचे पुस्तकच. गिऱ्हाईक दूरच्या शहरातून छायाचित्र मागविते आणि ते पाहून माल ठरविते. अशा व्यावसायिकाने मेगापिक्सेलपेक्षा रंगांचा खरेपणा तपासावा. दुकानातीलच एखादे निळे कापड ट्यूबलाइटच्या उजेडात टिपून ते पडद्यावर किती वेगळे दिसते, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. रंग फसला तर परत येणारा माल मोबाइलच्या किमतीहून महाग पडतो. व्यवसायाचा आणि घरचा क्रमांक वेगळा ठेवण्यासाठी दोन सिमची सोय, मोठी साठवणूक आणि रोजच्या नोंदींची दुसरी प्रत राखण्याची व्यवस्था या गोष्टी त्याला अधिक उपयोगाच्या.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कामगाराची गरज पुन्हा निराळी. यंत्रांच्या आवाजात ऐकू येईल असा मोठा स्पीकर, धुळीपासून संरक्षण, मजबूत काच आणि उन्हात वाचता येईल असा पडदा त्याने पाहावा. पडद्याची प्रखरता ‘निट’ या एककात मोजली जाते. मोबाइल दुकानाबाहेर, भर उन्हात नेऊन पाहिला की जाहिरातीतील आकड्याची शहानिशा होते.

विद्यार्थी आणि टॅब्लेट

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अनेक घरांत एकाच मोबाइलवर दोन-तीन मुलांचे वर्ग भरू लागले. तेव्हापासून टॅब्लेटची मागणी पालकांच्या मनात घर करून आहे. मात्र स्वस्त टॅब्लेट म्हणजे शिक्षणाचा सुलभ मार्ग, हे समीकरण देशाने एकदा तपासून पाहिले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण झाले. सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अवघी २५६ एमबी रॅम आणि दाबून चालवावा लागणारा स्पर्शपटल असे त्याचे स्वरूप होते. किंमत कमी ठेवण्यात आली. परंतु मंद गती, अल्पकाळ टिकणारी बॅटरी आणि अडखळणारा पडदा यांमुळे विद्यार्थ्यांची निराशा झाली. पुढे पवईच्या आयआयटीच्या सहभागाने सुधारित ‘आकाश २’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. त्यात प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता. किंमत आधी ठरवून तीत उपयोग बसविण्याचा प्रयत्न केला तर काय होते, याचा हा धडा आजच्या पालकांनाही लागू पडतो.

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती वाचायच्या असतील, तर सहा इंचांच्या मोबाइलवर अक्षर बारीक होते आणि पान सतत सरकवावे लागते. येथे दहा इंचांच्या आसपासचा टॅब्लेट निश्चितच उपयोगी. खरेदीपूर्वी मात्र तो केवळ वाय-फायवर चालणारा आहे, की सिमकार्डवरही, हे पाहावे. घरी ब्रॉडबँड नसेल, तर वाय-फाय टॅब्लेटला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबावे लागते आणि पालक कामावर गेले की इंटरनेटही त्यांच्याबरोबर जाते. सिम असलेल्या प्रत्येक टॅब्लेटवरून दूरध्वनी करता येतोच असेही नाही. यूपीआय सेवा सिमच्या पडताळणीवर चालत असल्याने केवळ वाय-फाय असलेल्या टॅब्लेटवर तिची अपेक्षा ठेवू नये. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्यांना टॅब्लेटबरोबरच रोजचा इंटरनेट डेटाही देऊ केला, तो याच कारणासाठी. इंटरनेट नसेल तर टॅब्लेटचा अभ्यासासाठीचा उपयोग फार थोडा उरतो.

दीर्घ निबंध लिहिणे, आज्ञावली तयार करणे किंवा हिशेबाचे तक्ते करणे हा मुख्य उद्देश असेल, तर महागड्या टॅब्लेटऐवजी साधा लॅपटॉप पाहावा. टॅब्लेटला कळफलक आणि आवरण जोडता जोडता खर्च लॅपटॉपच्या जवळ पोहोचतो.

ज्येष्ठांसाठी साधेपणा

मुलाने वापरून बाजूला ठेवलेला मोबाइल आईवडिलांना देण्याची पद्धत घरोघरी आहे. परंतु जुन्या मोबाइलची सुरक्षा अपडेट बंद झालेली असतील, तर बँकेच्या व्यवहारांसाठी तो धोक्याचा ठरतो. ज्येष्ठांना मोठे अक्षर, मोठा आवाज आणि मराठीतील मेनू या तीन गोष्टी अधिक आवश्यक. भारतीय मानक आयएस १६३३३ (भाग ३) नुसार मोबाइलवर २२ अधिकृत भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत टंकन करता आले पाहिजे. ती तिसरी भाषा मराठी आहे काय, हे कीपॅड फोन घेताना आवर्जून विचारावे. स्पर्शपटल नकोसा वाटणाऱ्यांसाठी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा उपलब्ध असून, तीद्वारे साध्या फोनवरूनही पैसे देता येतात.

कीपॅड फोन निवडताना तो ४जीवर चालतो याची खात्री करावी. जिओचे जाळे मुळातच २जीवर चालत नाही. त्यामुळे जुन्या २जी फोनमध्ये त्या कंपनीचे सिम निरुपयोगी ठरते. ५जीच्या बाबतीतही कोणते ‘बँड’ आहेत, हे पाहणे अगत्याचे असते. जिओची ५जी सेवा ‘स्टँडअलोन’ पद्धतीची असल्याने मोबाइलमध्ये ती पद्धत असावी लागते. नव्या उंच इमारतींच्या आतील खोल्यांत सिग्नल पोहोचत नसेल, तर घरच्या वाय-फायवरून दूरध्वनी करता येण्याची म्हणजे ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असलेला मोबाइल निवडावा.

टिकाऊपणाचा हिशेब

मोबाइलची खरी किंमत दरमहा मोजावी. बारा हजारांचा मोबाइल दोन वर्षांत टाकावा लागला, तर महिन्याला पाचशे रुपये पडतात. अठरा हजारांचा मोबाइल मध्ये दोन हजार रुपये खर्चून बॅटरी बदलून चार वर्षे चालला, तर महिन्याचा खर्च सुमारे ४१७ रुपयांवर येतो. स्वस्त वाटलेला मोबाइल असा महाग ठरू शकतो. यात कळीचा मुद्दा आहे तो सुरक्षा अपडेटचा. गुगलने २०२३ मधील, तर सॅमसंगने २०२४ मधील आपल्या उच्च श्रेणीच्या मोबाइलपासून सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त मोबाइलमध्ये हा काळ बराच कमी असतो. ही वर्षे सहसा मोबाइल बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणून सणाच्या सवलतीत मिळणारे दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल घेताना त्याचे आयुष्य किती शिल्लक आहे, हे पाहावे. युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून मोबाइल व टॅब्लेटसाठी दीर्घकाळ अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे नियम लागू केले आहेत. टिकाऊपणा हा आता जगभर ग्राहकहिताचा विषय ठरला आहे.

या बाबतीत उल्हासनगर परिसराला एक लाभ आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही जुनी कोटी सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या हिकमतीवर ती कोटी झाली, तीच हिकमत येथील दुरुस्तीच्या दुकानांतही दिसते. नवा मोबाइल घेण्यापूर्वी अशा एखाद्या कारागिराला त्या मॉडेलचा डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग जॅक सहज मिळतो काय आणि कितीला, हे विचारून घ्यावे. डिस्प्ले बदलण्याचा खर्च मोबाइलच्या निम्म्या किमतीएवढा असेल, तर फेरविचार करावा. सुटा भाग मूळ आहे की ‘कॉपी’, हे बिलावर लिहून घेण्यास संकोच करू नये.

जुना मोबाइल घेताना

वापरलेला मोबाइल घेणे गैर नाही. अनेकांसाठी तोच शहाणपणाचा पर्याय असतो. मात्र *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी जुळवावा. त्यानंतर ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा व हा क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास त्या मोबाइलची स्थिती कळते. चोरीला गेलेले मोबाइल बंद करणाऱ्या केंद्रीय नोंदवहीचा, म्हणजे ‘सीईआयआर’चा प्रारंभिक प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळाद्वारे ती सुविधा देशभर खुली झाली. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आयएमईआय बदलणाऱ्यास दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पूर्वीच्या मालकाचे गुगल किंवा ॲपल खाते समोरच काढून घ्यावे. अन्यथा मोबाइल पूर्ववत करताच तो कुलूपबंद होतो.

स्वतःचा मोबाइल चोरीस गेल्यास हीच व्यवस्था उपयोगी पडते. लोहमार्ग किंवा स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून त्या प्रतीसह सीईआयआरवर मोबाइल बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक आणि बिल घरी जपून ठेवलेले असले पाहिजे.

बिल आणि तक्रार

नव्या मोबाइलवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो वाचविण्यासाठी बिलाविना खरेदी केली, तर हमीचा आधार सुटतो. ‘विनाव्याज हप्ता’ घेताना प्रक्रिया शुल्क किती आणि रोख खरेदीवरील सवलत गमवावी लागते काय, हे पाहून एकूण रकमेची बेरीज करावी. बिघाडाची दाद लागत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे मोबाइल ऑनलाइन मागविलेला असला, विक्रेता परराज्यातील असला, तरी या तीन शहरांतील ग्राहक ठाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी शुल्कही नाही.

दुकानात शिरताना ग्राहकाच्या हाती दिनक्रमाचा तो कागद असावा. प्रवाशाने बॅटरी, व्यापाऱ्याने रंग, विद्यार्थ्याने पडदा आणि ज्येष्ठाने साधेपणा प्रथम पाहावा. त्यानंतर नेटवर्क, अपडेटची वर्षे आणि दुरुस्तीचा खर्च तपासावा. मेगापिक्सेल व झगमगीत रंगांची पाळी अखेरीस. एवढे केल्यावर दुकानदाराने दाखविलेल्या दहा मोबाइलांपैकी दोन-तीनच उरतात, आणि त्यांतून एक निवडणे मुळीच अवघड जात नाही.